उसनं नाक

॥ श्री ॥

पुणे,
२२ जानेवारी २०२५

ती. गोपीनाथकाकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या संस्थेच्या पत्त्यावर आलेलं पाहून दचकू नका. घरी फोन केला की तो काकू उचलते, लगेच स्पीकरवर टाकते आणि शेजारच्या मिश्रा आंटींसकट सगळे मला लग्नाचं विचारतात. मला जे सांगायचं आहे ते फक्त तुम्हाला. बाबांनाही सांगितलेलं नाही. ते काळजीनेच आजारी पडतील.

काका, मला वास येत नाही. डिसेंबरात ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी, उदबत्ती, फिनेल, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. जीभ मात्र शाबूत आहे. गोड, आंबट, खारट, कडू, तुरट नीट कळतं. डॉक्टर म्हणतात वास परत येईल, काही महिन्यांत येईल, कदाचित वर्षही लागेल, आणि एवढं म्हणून खिडकीबाहेर बघायला लागतात.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन द्यायची हे आमची कंपनी हॉटेलांना ठरवून देते, आणि वाइनमध्ये निम्म्याहून जास्त काम नाकाचं. मार्चमध्ये नेमकं तुमच्याच लखनौच्या एका हॉटेलात रविवार दुपारचं जेवण आहे. तिथले पदार्थ, पाच देशांच्या पाच वाइन, चाळीस पाहुणे. ते मी आखायचं आहे. ते कसं होतं यावरून आमच्या विभागाची प्रमुख मी होणार की अभिराम, हे मालिनी मॅडम ठरवतील. सहा वर्षं मी या पदाची वाट पाहिली आहे. मला नाक नाही हे कळलं तर पद तर जाईलच, नोकरीचंही काय होईल सांगता येत नाही.

म्हणून एक मागणं आहे. हॉटेलातला समीर माझ्या नावाने तुम्हाला पाचही बाटल्या देईल. तुम्ही वास घ्या, तिथल्या पदार्थांबरोबर घोट घेऊन बघा आणि जे वाटेल ते लिहून पाठवा. तुम्ही आयुष्यभर दगडांतले परागकण ओळखलेत, तुमच्याइतकं बारीक निरीक्षण आपल्या घराण्यात कोणाचं नाही. काकूला कारण सांगू नका.

रागावला असाल तरी पत्र लिहा. तुमच्या मायेच्या भरवशावर,
तुमची जुई

---

विकास नगर, लखनौ,
३१ जानेवारी २०२५

चि. जुईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र संस्थेच्या वाचनालयात वाचलं आणि फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू आलं. अगं, नाक उसनं मागायला तू आलीस ती नेमकी नकट्याच्या दारी. मी चाळीस वर्षं तपकीर ओढतोय. मला फुलं दिसतात, त्यांचा वास आठवावा लागतो. मी ज्या परागकणांवर पोट भरलं, त्यांचा वास वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच उडून गेलेला, त्यामुळे नोकरीत कधी अडलं नाही इतकंच.

पण आमच्या घरात नाक आहे. तुझ्या काकूचं. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चव घेत नाही, करणारीसुद्धा नाही. ती आमटीवर वाकते, एकदा वास घेते आणि मग चिमूटभर मीठ टाकते किंवा टाकत नाही. मिठाला वास नसतो हे मी तिला लग्नापासून समजावतोय. तरी आमची आमटी कधी खारट झाली नाही की अळणी झाली नाही. शास्त्राने यावर काय म्हणावं ते शास्त्राने बघावं.

समीर फार अदबशीर मुलगा आहे. बाटल्या जपून न्या, आडव्या ठेवा, असं चार वेळा सांगून त्याने त्या माझ्या झोळ्यात ठेवल्या. मी वरून मेथीच्या दोन जुड्या घातल्या, कारण आमच्या गल्लीत मिश्राजींची नजर चुकत नाही. घरी मात्र जेवणाच्या टेबलावर पाच बाटल्या बघून तुझी काकू आधी खुर्चीत बसली. मग तिने विचारलं की डॉक्टरांनी मला काही सांगितलंय का, जे मी तिच्यापासून लपवतोय. मी म्हटलं, जुईला सामान्य माणसांची मतं हवी आहेत. तिला ते पटलं नाही. पण झाकण उघडल्यावर तिच्याने राहवलं नाही. चौकसपणा हा तिचा जुना आजार.

न्यूझीलंडची पांढरी हुंगून ती म्हणाली की टोमॅटोचं रोप हलवलं की हाताला येतो तो वास, आणि मागून कच्च्या पेरूची साल. अर्जेंटिनाची लाल म्हणजे काळ्या मनुका आणि लवंगेच्या डबीचं झाकण. मी भराभर टिपून घेतलं. तिसरी जर्मनीची. ती हुंगली आणि काकू दोन पावलं मागे सरली. म्हणाली, हे रॉकेल आहे. मिरजेला माहेरी स्टोव्हमध्ये भरायचे तेच.

आता रॉकेल म्हटल्यावर मी गप्प बसणार का? तसाच रिक्षा करून हॉटेलात गेलो आणि समीरला सांगितलं की भैया, या बाटलीत कोणी मिट्टी का तेल मिसळलंय, हे पोलिसांत देण्यासारखं आहे. त्याने वास घेतला, चेहरा पाडला आणि त्याच्या साहेबांना बोलावलं. त्यांनीही वास घेतला. मग सील न फोडलेली दुसरी बाटली दिली. घरी येऊन उघडली, तर काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाली की पुन्हा रॉकेल. जर्मन लोक इतके शिस्तीचे म्हणून आम्ही वाचत आलो. काय झालंय त्यांना?

प्रकृतीला जप. मी तपकीर कमी केली आहे, तुझ्यासाठी. लोभ आहे तसाच राहील, हे तुला सांगायला नको.
तुझा,
गोपीनाथकाका

---

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

महिन्याभरात मी पहिल्यांदा पोट धरून हसले. काका, समीरची माफी मागा! त्या जर्मन द्राक्षाला मुरल्यावर रॉकेलचाच वास येतो. जाणकार तो शोधत असतात, तो मिळाला की खूश होतात आणि जास्त पैसे मोजतात. काकूने जे दोन पावलांवरून ओळखलं ते ओळखायला मला एक अख्खं वर्ष लागलं होतं. तिला म्हणावं, रॉकेल ओसरू दे, पेला थोडा वेळ तसाच ठेव आणि मग पुन्हा वास घे. खाली काहीतरी वेगळं सापडेल. काय ते मी सांगत नाही.

आता जेवण. दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा, म्हणजे गंमत कळेल. तिखटाबरोबर कडक वाइन दिली की तोंड आणखी पेटतं, किंचित गोड दिली की शांत होतं. तुरट लाल वाइनला तूप किंवा चरबी लागते, नाहीतर ती जिभेला हरड्यासारखी ओढते. आणि गोड पदार्थाबरोबर वाइन त्याच्याहून गोड हवी. एक प्रयोग करा. लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा आणि मग तीच वाइन प्या. वाइन बदललेली नसते, पण तुम्ही शपथेवर सांगाल की बदलली.

जिभेचं हे सगळं मला इथे करता येतं, त्याच पाच बाटल्या माझ्याकडेही आहेत. पण पेल्यावर वाकलं की समोर भिंत. रोज सकाळी मी डबीतली लवंग हुंगते, मग वेलची, मग लिंबाची साल. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे. बंद दुकानाचं दार वाजवल्यासारखं वाटतं.

काकूला खरं सांगू नका हे पुन्हा लिहिते. तिला खोटं खपत नाही आणि मी सध्या खोटंच वागते आहे. ऑफिसात पेल्यावर वाकून, डोळे मिटून, मान डोलावते. अभिराम बाजूलाच असतो. तो चांगला मुलगा आहे, म्हणून जास्त लाज वाटते.

पत्राची वाट बघते. आशीर्वाद असू द्या, सध्या त्याची फार गरज आहे.
तुमची जुई

---

विकास नगर, लखनौ,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. जुईस,
अ. उ. आ.

समीरची माफी मागितली. त्याने मला चहा पाजला आणि कबूल केलं की त्यालाही ठाऊक नव्हतं. काकूला रॉकेलाचं रहस्य सांगितल्यावर ती बराच वेळ जर्मन बाटलीकडे आदराने बघत होती. अर्ध्या तासाने पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, खाली लिंबाचं लोणचं आहे, नवं नव्हे, मुरलेलं, ज्यात मध घातलाय. बरोबर का?

मी पद्धतशीर प्रयोग केले. खस्ता कचोरीबरोबर अर्जेंटिना घेतली आणि माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मग जर्मन घेतली, आग विझली. लिंबू-मिठाचा प्रयोग तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा फसलो. दगड एकदा ओळखला की तसाच राहतो. तुझी वाइन मात्र कोणाच्या शेजारी बसते त्यावर तिचा स्वभाव ठरतो, हे मला फार आवडलं. माणसांसारखंच आहे म्हणायचं.

हिवाळा संपत आला तरी मटार अजून कोवळा मिळतोय. काकूने निमोना केला, मटार वाटून करतात ती इथली सब्जी, तिला मिश्रा आंटींनी शिकवली आहे. नैवेद्य झाल्यावर तिने न्यूझीलंडचा पेला वाटीशेजारी धरला, आळीपाळीने दोन्हींचा वास घेतला आणि म्हणाली, हे भाऊ-बहीण आहेत. मी चाखलं. खरंच आहेत.

गलावटी कबाब अमीनाबादहून आणून मी गच्चीवर जाऊन खाल्ले, घरात चालत नाहीत म्हणून. खाली आलो तर ती म्हणाली, लवंगेच्या झाकणाची ती लाल बाटली वर न्यायची होतीत, कबाबाला तीच हवी. पदार्थ न बघता, न खाता! दुसऱ्या दिवशी अर्जेंटिना घेऊन पुन्हा गच्चीवर गेलो. विज्ञानासाठी.

पण चुकलीही. शाही टुकड्यासाठी, म्हणजे पाकात भिजवलेल्या तळलेल्या पावाच्या गोडासाठी, तिने इटलीची निवडली, चेरीच्या मुरंब्याचा वास येतो म्हणून. मी घास घेऊन घोट घेतला आणि डोळे मिटले, अशी चिंचेसारखी आंबट लागली. वासाला गोड, जिभेला कोरडी. काकूचा चेहराच उतरला. मी म्हटलं, एक थेंब जिभेवर ठेवून बघ. ती म्हणाली की हुंगणं वेगळं, पिणं वेगळं, आणि या वयात तिला नियम बदलायचा नाही. शेवटी शाही टुकड्याला पोर्तुगालची गोड ठरली आणि इटलीची कटहलाच्या, म्हणजे फणसाच्या, बिर्याणीला. तुझ्या जिभेला पटतंय का ते कळव.

एक सांगतो. परवा तिने विचारलं की जुईचं कामच वासाचं, तर तिला माझं नाक कशाला लागतं? मी म्हटलं, दुसरं मत. त्यावर ती नुसतं अच्छा म्हणाली. तिच्या त्या अच्छाला बँकेतले मॅनेजर घाबरायचे. जुई, मला खोटं बोलता येत नाही, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे फारच जिवावर येतं.

जिवाला लावून घेऊ नकोस. इथे दोन म्हातारी माणसं तुझ्या बाजूची आहेत, एवढं धरून चाल.
तुझा,
गोपीनाथकाका

---

पुणे,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. तुमच्या जोड्या माझ्या जिभेने तपासल्या, सगळ्या जमल्या. काल आराखडा दिला, माझ्या नावाने. मालिनी मॅडमनी मध घातलेलं मुरलेलं लोणचं वाचून मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की इतकं घरचं, इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही. अभिरामने टाळी वाजवली. मी हसले आणि घरी येऊन दार लावून बसले.

काकूने क्षितिजाबरोबर पाठवलेले डिंकाचे लाडू मिळाले. तिच्या बँकेतली ती मुलगी घरी येऊन डबा देऊन गेली. काकूचा फोन आला होता, तेव्हा तिला सांगितलंच की फार सुंदर झालेत, रोज एक खाते.

आता फक्त २३ मार्च. माझ्यासाठी देवापुढे दिवा लावा, नाहीतर तपकीर सोडा, जे सोपं जाईल ते.
तुमची जुई

---

विकास नगर, लखनौ,
४ मार्च २०२५

चि. जुई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, तुझे काका नव्हेत. ते समोर बसलेत, पण त्यांची बोलती बंद आहे.

लाडू क्षितिजाकडे दिले आणि चार-पाच दिवसांनी मी घरातला त्याच लाडवांचा डबा उघडला. खोबरं खवट झालं होतं. डब्याचं झाकण काढताच कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते टाकून दे असं सांगायला मी तुला फोन केला, तर मी तोंड उघडायच्या आधीच तू म्हणालीस की सुंदर झालेत, रोज एक खाते. मी ते ऐकलं आणि दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला. मग तुझ्या काकांची तपकिरीची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांनी सगळं सांगायला फार वेळ घेतला नाही.

ते लाडू आधी फेकून दे. पोट बिघडेल.

जुई, मी त्या दिवशी रडले. खोटं बोललीस म्हणून नव्हे. तू तिकडे एकटी बसून खवट लाडू गोड मानून खात होतीस आणि मी इकडे तुझ्या वाइनना नावं ठेवत मजा करत होते, म्हणून. मला सांगितलं असतंस तर मी रागावले असते, हे खरं आहे. पण रागावून गप्प बसले असते का?

माझं नाक तू तुझ्या नावावर खपवलंस त्याचं काही नाही. नाक काय, लागलं तर मूत्रपिंड देईन. पण एक ऐक. नैवेद्याचा स्वयंपाक मी न चाखता करते, हे पानावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून जेवताना कमी-जास्त काय ते तेच सांगतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. चाखून बघितलंय असं सांगून मी वाढलं असतं तर ती फसवणूक झाली असती. तू न हुंगता करतेस, तर कर. पण वाढताना सांग.

पद जाईल कदाचित. मी नोकरी केली आहे, पद म्हणजे काय ते मला कळतं, त्यामुळे गेलं तर गेलं असं मी म्हणणार नाही. दुखेल. पण या भीतीवर बसून प्रमुख झालीस तर रोज कोणाचं तरी नाक उसनं मागत फिरशील, आणि काकू काही अमर नाही.

काय करायचं ते तू ठरव. ठरवशील ते मला आधी कळव, काकांना नंतर. माया आहे, ती पदावर अवलंबून नाही.
तुझी,
हेमाकाकू

---

पुणे,
११ मार्च २०२५

ती. सौ. हेमाकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

लाडू फेकले. तुझं पत्र तीनदा वाचलं, काल दुपारी पुन्हा वाचलं आणि उठून मालिनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. नाकाचं सांगितलं, तुझं सांगितलं, मान डोलावण्याचंही सांगितलं.

त्यांनी माझा आराखडा पुढ्यात ओढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या की लपवल्याचं त्यांना वाईट वाटलं, आजाराचं नाही. पद अभिरामला जाईल, आता त्यांना दुसरं काही करता येणार नाही. लखनौचं जेवण मात्र माझं राहील, कारण ते जमलेलं आहे. मी म्हटलं, पाहुण्यांना मी खरं सांगणार. त्यांनी कपाळाला हात लावला आणि समीरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले म्हणे, पाहुणे लखनौचे आहेत, त्यांना बोलायला विषयच हवा असतो.

काकू, दुखतंय. तू म्हणाली होतीस तसंच. पण काल रात्री झोप लागली.

तुम्ही दोघं याल ना? तू पिऊ नकोस, नुसती बस. मला तू समोर हवी आहेस.
तुझीच,
जुई

---

लखनौ, १६ मार्च २०२५

चि. जुईस आशीर्वाद.

पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहितो. येतोय. काकू नवी साडी नेसणार आहे आणि मिश्राजींना आम्ही लग्नाला जातोय असं सांगणार आहे. खोटं बोलू नये हा नियम मिश्राजींना लागू नाही, असं तिचं म्हणणं.

गोपीनाथकाका

---

पुणे,
२७ मार्च २०२५

ती. काका आणि सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

काका, डोकं आता ठीक आहे ना? घोट घेऊन पेला बाजूला ठेवायचा असतो, हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पानात टाकायचं नाही हा आपला संस्कार तुम्ही पेल्यालाही लावाल, असं कसं सुचणार? काकूच्या वाट्याचा धरून तिसरा पेला तळापर्यंत संपवून तुम्ही समीरला परागकणांबद्दल सांगायला लागलात आणि काकूने तुम्हाला दंडाला धरून रिक्षात घातलं. मला तुमच्यामागे येताही आलं नाही, संध्याकाळी विमान होतं, भेटही झाली नाही. म्हणून तुम्ही गेल्यावर काय झालं ते लिहिते.

तुम्ही पाहिलंत ते वाईटच होतं. मला वास येत नाही असं मी म्हटल्यावर एका बाईंनी पेला खाली ठेवला होता. पहिल्या दोन वाइन लोक अवघडून प्यायले. काकू जाताना मागे वळून माझ्याकडे बघत होती, तिचा चेहरा मला अजून दिसतोय. तुम्ही गेलात आणि मला वाटलं, झालं, संपलं. तिसऱ्या वाइनबद्दल पाठ केलेलं बोलायचं होतं, ते ओठांवर येईना.

जवळच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्त डॉक्टर. मी त्यांनाच विचारलं की तुम्हाला कशाचा वास येतोय? ते म्हणाले की त्यांना यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, तरी माझ्यापेक्षा जास्त कळेल. मग त्यांनी पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. म्हणाले की अम्मीच्या पानदानाचा. त्यांच्या बेगम म्हणाल्या, पानदानाचा नव्हे, त्यावर झाकलेल्या कापडाचा. त्यावर दोघांचं जुंपलं. पलीकडच्या टेबलाने मध्येच सांगितलं की कापड वगैरे काही नाही, ही ओली वाळ्याची ताटी आहे. एका मुलीला नव्या पुस्तकाला घातलेल्या कव्हराचा वास आला. जर्मन आली तेव्हा मी तोंड दाबून उभी राहिले, आणि मागून कोणीतरी अगदी हळू, शरमून विचारलं की हे मिट्टी का तेल तर नाही? मग जे हसू फुटलं, काकू, तू हवी होतीस.

पेला खाली ठेवलेल्या बाईंनी तो उचलला तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. सगळ्यांजवळ गेले. सहा वर्षं मी लोकांना सांगत आले की तुम्हाला कशाचा वास येतोय. विचारलं कधीच नव्हतं.

अभिराम एक तारखेपासून प्रमुख. मी त्याचं अभिनंदन केलं आणि विमानतळाच्या वाटेवर गाडीत रडले, हे लपवत नाही. मालिनी मॅडमनी अजून काही म्हटलेलं नाही. त्या दुपारी त्या मागच्या खुर्चीवर बसून होत्या आणि निघताना एवढंच म्हणाल्या की कानपूरच्या लोकांनाही असं बोलता येतं का, ते बघायला हवं. नाक तसंच आहे, बंद. सकाळी लवंग हुंगली, काही नाही.

सगळे गेल्यावर मी टेबलं आवरून घेत होते, तेव्हा ते डॉक्टर परत आले. गाडीपर्यंत गेले होते, तिथून काठी टेकत आले. म्हणाले की आता आठवलं. पानदान नव्हे, कापडही नव्हे. बहिणीची सागवानी पेटी होती, ती लग्न होऊन गेली तेव्हा रिकामी झाली, आणि ते लहानपणी त्या पेटीत लपायचे, तो वास. पन्नास-साठ वर्षांत तो त्यांना आला नव्हता. एवढंच सांगायला ते परत आले होते.

काकू, मला वास आला नाही. पण मी त्यांना खुर्ची दिली, समोर बसले आणि विचारलं, पेटीत अजून काय काय असायचं?

तुम्ही दोघं जपून राहा. यापुढे माझी पत्रं घरच्याच पत्त्यावर येतील, आता संस्थेत पाठवायचं काही उरलेलं नाही.
तुमची,
जुई